जुनं ते सोनं म्हणण्याआधी : आबांच्या वहीतलं एक पान



गेल्या आठवड्यात या पेजवर एक व्हिडिओ टाकला होता. परतीच्या पावसानं आमच्या पाणंदीत गुडघाभर चिखल झालेला. पोराच्या मित्राची नवीकोरी एसयूव्ही त्यात पार चासीपर्यंत बसलेली. आणि आमच्या आबांची ५७ वर्षांची जीप पुढची चाकं लावून, लो गेरात, साखळीनं तिला ओढून बाहेर काढतीय. एवढाच व्हिडिओ. पण माझ्या ठिबकच्या पोस्टला कधी मिळाले नाहीत एवढे लाइक त्याला मिळाले. निम्म्या लोकांनी खाली एकच लिहिलं, जुनं ते सोनं.

वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आबा जाऊन नऊ वर्षं झाली, त्यांच्या गाडीचं कौतुक होतंय म्हटल्यावर छाती फुगणारच. पण रात्री झोप लागेना. कारण त्या व्हिडिओत मी निम्मंच सांगितलं होतं. राहिलेलं निम्मं आज लिहितो. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

त्यात आमच्या घरात सध्या हाच विषय चाललाय. पोरगं शिरवळला कंपनीत आहे. त्याला मोठी गाडी घ्यायचीय. पुण्याचा एक जण जीप बघून गेला, तीन लाख देतो म्हणाला. पोराचं म्हणणं, "आप्पा, ते तीन लाख आणि माझे दोन, डाउन पेमेंट झालं. बाकीचं बँक देतीय." म्हणजे जुनी देऊन नवी घ्यायची. तेव्हा ही तुलना माझ्यासाठी गप्पांची नाही, घरातली आहे.

आधी जीपची बाजू मांडतो.

जीप मूळची लढाईतली. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांच्या वर जीपा बनवल्या. पण लढाई संपता संपता, १९४५ सालीच, विलीजनं तीच गाडी शेतकऱ्यासाठी काढली. मागं अवजार ओढायची सोय. मळणीयंत्र, पंप चालवायला पीटीओ, म्हणजे आज आपल्या ट्रॅक्टरला मागं फिरता दांडा असतो तो, मागून बसवून घेता यायचा. आपल्याकडं स्वातंत्र्यानंतर महिंद्रानं या जीपा जोडायला आणि मग बनवायला सुरुवात केली. ट्रॅक्टर त्या घराण्यात १९६३ ला आला. म्हणजे जीप ही शेताची धाकटी बहीण नव्हे, थोरलीच. पुढं ती साहेबांच्या, पुढाऱ्यांच्या, कारखान्याच्या चेअरमनच्या दारात गेली म्हणून आपल्याला ती रुबाबाची गाडी वाटायला लागली. आणि त्याच्याही पुढं तिची लांब केलेली भावंडं वडापला लागली. खंडाळा-लोणंद, शिरवळ-लोणंद असं वडाप ज्यांनी केलंय, आत चौदा आणि मागं लोंबकळणारे चार, त्यांना मी काय सांगणार.

आमची जीप १९६८ ची. उंच बॉनेटची, पेट्रोलवाली. आबांनी ती १९८४ ला घेतली, दुसऱ्याच्या हातची, अठ्ठावीस हजारांना. एक बैलजोडी आणि एक म्हैस विकली, वर हातउसने घेतले. माझे आजोबा महिनाभर आबांशी बोलले नाहीत. "जित्राब इकून पत्रा आणला," एवढंच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. तेव्हा हे लक्षात घ्या. आज आपण ज्या गाडीला सोनं म्हणतोय, ती ज्या दिवशी दारात आली त्या दिवशी ती पण उधळपट्टीच होती. १९८४ सालची एसयूव्हीच ती.

आबांनी तोंडानं उत्तर दिलं नाही. त्यांनी वही घातली. लाल कापडी पुठ्ठ्याची, दुकानदार वापरतात तसली उभी वही. पहिल्या पानावर वर "श्री", खाली "जीप खाते". लोणंदच्या बाजारात कांद्याची खेप, भाडं इतकं. कुणाचं लग्न, वऱ्हाड, इतकं. कुणाची बाई अडली, रात्री शिरवळला दवाखान्यात नेली, त्याच्यापुढं रेघ, म्हणजे पैसे घेतले नाहीत. पेट्रोल, ऑइल, पाटा तुटला, टायर, सगळं पैशापैशानं. पेट्रोल परवडेना म्हणून १९९३ ला तिच्यात डिझेल इंजिन बसवलं, तोही खर्च तिच्यातच. बारा वर्षांनी, १९९६ च्या गुढीपाडव्याला, आबांनी बेरीज मारली. सगळा खर्च आणि गाडीची किंमत जाऊन बासष्ट हजार रुपये नफा. त्या बेरजेखाली दोन रेघा ओढल्यात. आजोबा तोवर वारले होते, नाहीतर आबांनी ती वही त्यांच्यापुढं ठेवली असती, एवढं नक्की.

ही वही मी लहानपणापासून बघतोय. कुणी विचारलं की जीप का ठेवली, तर मी ही वही दाखवायचो. पोरानं गाडीचा विषय काढला तेव्हाही मी ती काढली. म्हटलं, बघ, गाडी अशी असावी, बसवणाऱ्याला खायला घालणारी.

पोरगं वही घेऊन बसलं. कंपनीत स्टोअरला आहे, हिशेब बघायची सवय आहे त्याला. अर्ध्या तासानं म्हणालं, "आप्पा, नानांच्या पायाचा खर्च कुठं लिहिलाय?"

मी गप्पच बसलो.

आता ते सांगावं लागणार. १९९६ चाच मे महिना. पाडव्याची बेरीज होऊन दोन महिने झाले नव्हते. आम्ही साताऱ्याकडनं आल्याचं बेणं घेऊन येत होतो. तेव्हा खंबाटकीला बोगदा नव्हता, जाणारी-येणारी सगळी वाहतूक घाटातनंच. आबा चालवत होते, मी शेजारी, आणि नाना, म्हणजे माझे चुलते, मागं बेण्याच्या पोत्यांवर बसलेले. घाट चढून वर आलो, खंडाळ्याच्या बाजूला उतार लागला आणि दुसऱ्या वळणाला ब्रेकचं पायडल थेट फळीला टेकलं.

जुन्या जीपला चारी चाकांना ड्रमब्रेक असतात, पण त्यांना तेल नेणारी लाइन एकच. कुठंही पाइप फुटला की चारी चाकं एकदम मोकळी. आमचा पाइप पाट्याला घासून घासून पातळ झाला होता. दोष गाडीचा नाही, आमचाच. मेस्त्रीनं दोनदा सांगितलं होतं, आम्ही "कांदा विकला की बघू" म्हणालो होतो. तिचा हँडब्रेक चाकाला नसतो, मधल्या गिअरपेटीच्या मागं, शाफ्टला असतो. आबांनी गेर पाडला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारीत घातली. दरीत गेली नाही, म्हणून मी आज लिहितोय. पण गाडी थांबली आणि नाना थांबले नाहीत. पोत्यासकट उडून ते रस्त्यावर पडले. डावी मांडी दोन ठिकाणी मोडली.

त्रेचाळीस वर्षांचा माणूस होता. तालमीतला. नांगराच्या मागं दिवसभर चालायचा. त्यानंतर नानांनी नांगर धरला नाही. त्यांचा संसार आम्ही चालवला, त्यात उपकार काही नाहीत, पण त्यांच्या मनाला ते कायम लागून राहिलं. दवाखान्याला एक्केचाळीस हजार गेले आणि त्यासाठी अर्धा एकर गहाण पडला. तो सोडवायला सहा वर्षं लागली.

हे एक्केचाळीस हजार आबांनी लिहिलेत. पण दुसऱ्या वहीत. "घरखर्च" म्हणून. जीपच्या खात्यावर नुसती एक ओळ आहे, ब्रेक पाइप नवीन, ऐंशी रुपये.

मी आबांना दोष देत नाही. कदाचित त्यांना ते तिथं लिहवलंच नसेल. पण पोराचा प्रश्न बरोबर होता. बासष्ट हजारांतनं एक्केचाळीस वजा केले तर राहिले किती? आणि नानांचा पाय त्यात कुठं धरायचा? तीस वर्षं मी लोकांना एक वही दाखवत होतो आणि दुसरी झाकत होतो. जुनं ते सोनं असंच होतं बघा. मिळालेलं जीपच्या खात्याला, गेलेलं घरखर्चाला.

म्हणून मंडळी, जीप काढणारा व्हिडिओ बघून निकाल देऊ नका. चिखलातनं गाडी काढणं हे दहा मिनिटांचं काम. घरची माणसं रोज हायवेवरनं नेणं हे दुसरं काम. आणि त्या दुसऱ्या कामात आमची जीप नापास आहे. पट्टा नाही, दारं ताडपत्रीची, डोक्यावर कापड, डिझेलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. समोरनं काही आलं तर स्टिअरिंगचा दांडा सरळ छातीत.

आता नव्या गाडीची बाजू.

गंमत बघा. आमच्या जातीच्या जीपचं मूळ पेट्रोल इंजिन २.२ लिटरचं, ताकद सत्तर-पंच्याहत्तर घोड्यांची. आजच्या स्कॉर्पिओ एनचं डिझेल इंजिन पण २.२ लिटरचंच, पण ताकद वरच्या मॉडेलला १७२ घोड्यांपर्यंत. भांडं तेवढंच, दूध दुपटीनं. ही प्रगती आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही.

पण माझ्यासाठी घोडे महत्त्वाचे नाहीत. दोन वर्षांमागं माझी बहीण, मेहुणे, त्यांची पोरं आणि आमची आई, असे सगळे त्यांच्या एसयूव्हीतनं पुण्याहून येत होते. शिरवळच्या अलीकडं मागनं ट्रकनं ठोकलं, गाडी दुभाजकाला धडकून आडवी झाली. मेहुण्यांचं मनगट मोडलं. आई शहात्तर वर्षांची, मधल्या सीटवर, पट्टा लावलेला. खांद्यावर पट्ट्याचा काळानिळा वळ उठला, बस्स. दुसऱ्या दिवशी घरी येऊन चहा पीत होती. त्या जागी आमची जीप असती तर मी आज हे लिहायला कुठल्या तोंडानं बसलो असतो?

मात्र नवी म्हणजे सुरक्षित असं डोळे झाकून धरू नका. स्कॉर्पिओ २००२ साली आली. २०१६ ला ग्लोबल एनकॅपनं तिचं बिनएअरबॅगचं मॉडेल आपटून बघितलं तेव्हा तिला शून्य तारे मिळाले. त्याच नावाची स्कॉर्पिओ एन २०२२ ला मोठ्या माणसांच्या सुरक्षेत पाच तारे घेऊन आली. नाव एक, पण एक गाडी शून्य आणि दुसरी पाच. ड्रायव्हरपुढची एअरबॅग आपल्याकडं सक्तीची झाली ती १ जुलै २०१९ पासून. म्हणजे जुन्या बाजारात "एकदम कंडिशन, सिंगल हँड" म्हणून जी दहा-बारा वर्षांची मोठी गाडी मिळते, ती दिसायला एसयूव्ही असेल, पण छातीपुढं काय आहे ते विचारून घ्या. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपचे आपले तारे पण सुरू झालेत. मोबाइलवर बघता येतात. चाकांची मापं बघता, सनरूफ बघता, मग हे पण बघा.

आणि पाच तारे असले तरी पट्टा आपल्यालाच लावावा लागतो. २०२२ च्या सप्टेंबरात पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले. गाडी परदेशी, लाखोंची, पण ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. आपल्याकडं मागं बसून पट्टा लावला की लोक हसतात. हसू द्या.

मग नवी घ्यायचीच का? थांबा. इथं पोराला पण मी वही घालायला लावली.

वीस लाखांची गाडी. पाच भरले, पंधरा लाख कर्ज, साडेनऊ टक्के, सात वर्षं. हप्ता येतो महिना साधारण २४,५००. वर्षाला २ लाख ९४ हजार. आता ते उसात मोजू. टनाला तीन हजार हातात पडले असं धरा, तर झाला ९८ टन. आमच्याकडं एकरी ४५ टन म्हणजे चांगला. म्हणजे दोन एकरांचा अख्खा ऊस हप्त्यालाच. आणि खर्च जाऊन एकरी पन्नास हजार राहतात असं धरलं, तर जवळजवळ सहा एकरांचा नफा. माझ्याकडं सगळी मिळून साडेचार एकर आहे. तेव्हा आमची जमीन ही गाडी ओढू शकत नाही. साखळी लावली तरी नाही.

विमा, डिझेल, टायर वेगळं. सात वर्षांत बँकेला जातात वीस लाख साठ हजारांच्या आसपास, आणि तेव्हा गाडीची किंमत अर्ध्याखाली आलेली असते.

अजून एक गोष्ट, जी शोरूमला कुणी सांगत नाही. २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवायची जाळी असते, डीपीएफ म्हणतात. ती काजळी जळून साफ व्हायला गाडी चांगली तापून काही वेळ सलग पळावी लागते. आपलं काम काय? घर ते मळा दोन किलोमीटर, मळा ते डेअरी एक किलोमीटर. अशानं ती जाळी तुंबते, दिवा लागतो, गाडी ताकद सोडते. मग आमच्या मेस्त्रीचा दहा-अकराचा पाना आणि तार तिथं चालत नाही, कॉम्प्युटर लागतो. बऱ्याच नव्या डिझेल गाड्यांना युरियाचं पाणी पण घालावं लागतं. ते वेगळं, शुद्ध केलेलं असतं. आपल्या गोणीतला नीमकोटेड युरिया कालवून घालू नका, हजारोंचं नुकसान होईल. तेव्हा गाडी जर मळ्यातच फिरवायची असेल तर पेट्रोल घ्या, नाहीतर मोटारसायकल बरी.

आणि चिखलाचं म्हणाल, तर मोठी दिसणारी प्रत्येक गाडी चारी चाकांनी ओढत नाही. बहुतेक एसयूव्ही दोनच चाकांवर चालतात. फोर बाय फोर मोजक्या आणि महाग मॉडेलना असतं. व्हिडिओतली गाडी त्यामुळंच रुतली. तिच्यात खोट काहीच नव्हती, पाणंद हे तिचं कामच नव्हतं.

सरकारला पण हा फरक कळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवर जीएसटी ५ टक्के आणि मोठ्या एसयूव्हीवर ४० टक्के. एक अवजार, दुसरी चैन. चैन करू नये असं मी म्हणत नाही. पण चैन आहे हे माहीत असू द्या.

माहीत नसलं की काय होतं ते आपल्या तालुक्यात आपण बघितलंय. औद्योगिक वसाहतीला जमिनी गेल्या, मोबदल्याचे पैसे आले, आणि वर्षाच्या आत गावात पांढऱ्या गाड्यांची रांग लागली. मागच्या काचेवर मोठ्या अक्षरात नावं. माझ्या वर्गातला एक जण होता. नाव लिहीत नाही. त्याची पावणेतीन एकर गेली. त्यानं गाडी घेतली, बंगला बांधला, पोरीचं लग्न केलं. सात वर्षांनी गाडी चौथाई किमतीला विकली. आज तो एका कंपनीच्या गेटवर वॉचमन आहे. त्याची जुनी विहीर त्या कुंपणाच्या आत कुठंतरी बुजलीय. मी त्याला हसत नाही. पैसा एकदम आला की काय करायचं हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नव्हतं. पण जमीन देऊन गाडी घेणं आणि बैल देऊन गाडी घेणं यात फरक आहे. बैल परत घेता येतात. आबांनी १९८९ ला घेतलेच.

आता व्हिंटेजबद्दल, कारण बऱ्याच जणांनी विचारलंय. पुण्याचा तो गिऱ्हाईक पण म्हणत होता की व्हिंटेज म्हणून किंमत वाढेल. केंद्रानं जुलै २०२१ ला त्याचे नियम काढलेत. पन्नास वर्षांवरची गाडी, मूळ रूपात राखलेली, इंजिन, चासी, बॉडी यांत मोठा फेरफार नको. नव्या नोंदणीला फी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, आणि नंबरात "व्हीए" अशी अक्षरं. आणि अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, डिझेल-पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यालाच.

म्हणजे आमच्या जीपचं वय ५७, पण ती व्हिंटेज नाही. कारण १९९३ ला तिचं इंजिन बदललं. आणि इंजिन का बदललं, तर तिला रोज कामाला जुंपायची होती म्हणून. शोकेसमध्ये राहिली असती तर आज तिला मान मिळाला असता. याचं मला वाईट वाटत नाही. आपल्याकडं कष्ट केलेल्या माणसाचं तरी दुसरं काय होतं? कागदावर ती नुसती जुनी गाडी आहे. दर पाच वर्षांनी पासिंग, पर्यावरण कर, आणि फेरनोंदणीची फी, जी २०२२ ला सहाशेवरनं पाच हजार झाली होती. तुमच्या दारात जुनी गाडी असेल तर हा खर्च धरूनच "फुकटात पडलीय" म्हणा.

आता माझं मत. जुनी चांगली का नवी, असा प्रश्न टाकला तर उत्तर येणारच नाही. गाडीला काम नेमून द्या, मग विचारा. मळ्यातलं काम, पाइप न्यायचे, वैरण आणायची, चिखलातनं कांद्याच्या पिशव्या काढायच्या, तिथं आमची जीप अजून कुणाला ऐकत नाही. हायवेवर माणसं न्यायची, तर नवीच हवी, पट्टे आणि एअरबॅगवाली. आणि ती जमिनीच्या जिवावर नको, पगाराच्या किंवा धंद्याच्या जिवावर हवी.

घरात ठरलंय ते असं. एक, सात-बाऱ्यावर गाडीचा बोजा चढणार नाही, सोसायटीचं कर्ज गाडीकडं वळणार नाही. दोन, पोरानं त्याच्या पगारात बसेल एवढीच गाडी बघायची. महिना बारा हजारांच्या वर हप्ता नको. म्हणजे मोठी एसयूव्ही नाही, लहान, पण तारे बघून. त्याचं तोंड दोन दिवस उतरलं होतं. आता तोच मोबाइलवर क्रॅश टेस्ट बघत बसतो. तीन, जीप विकायची नाही, पण ती हायवेला न्यायची नाही आणि मागं माणूस बसवायचा नाही. नातवंडं रडली तरी नाही. ज्या दिवशी तिला मळ्यात काम उरणार नाही, त्या दिवशी पुण्याच्या माणसाला फोन करीन. शेडमध्ये पूजा करायला मी ती ठेवणार नाही.

नानांना पण विचारलं. बहात्तर वर्षांचे आहेत, काठी घेऊन चालतात. परवा पोरगं त्यांना टेस्ट ड्राइव्हला घेऊन गेलं, मी पण होतो. नाना मागं बसले. विक्रीवाला पोरगा काच कशी खाली होते, गाणी कशी लागतात ते सांगत होता. नानांनी पट्टा ओढून बघितला, सोडला, परत ओढला. मग म्हणाले, "ह्ये कुटं आडकवायचं ते दाव बाळा आधी."

घरी आल्यावर मी आबांची वही काढली. जीप खात्याला, १९९६ च्या मे महिन्यात, त्या ऐंशी रुपयांच्या ओळीखाली जागा होती. तिथं लिहिलं, नानांचा दवाखाना, ४१,०००. खाली बेरीज परत मारली. एकवीस हजार राहिले. बारा वर्षांचे.

तुमच्याकडं जुनी गाडी असेल किंवा नवीचा विचार असेल, तर एवढं करा. एक पान घ्या आणि त्या गाडीनं दिलेलं-घेतलेलं सगळं एकाच पानावर लिहा. दवाखाना पण, हप्ता पण. मग काय आकडा येतो ते मला कळवा. आणि जुन्या गाडीचा ब्रेकचा पाइप उद्याच बघून घ्या. कांदा विकायची वाट बघू नका.

राम राम.